सेकंडहँड ‘थंडरबोल्ट’ जीपीएसडीओ: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यावर

जीपीएसडीओ म्हणजे जीपीएसच्या वेळेशी सतत जुळवून घेणारा अचूक ऑसिलेटर; ट्रिंबलचा थंडरबोल्ट त्यातलाच, 10 मेगाहर्ट्झ देणारा. तो कशासाठी घेतला ते आधी सांगतो, कारण निवड त्यावरच ठरते. हॅम रेडिओच्या 40 मीटर बँडवर गप्पा मारायला किंवा एफटी8 हा डिजिटल मोड खेळायला जीपीएसडीओ लागत नाही, रेडिओतला टीसीएक्सओ (तापमानाचा परिणाम भरून काढणारा क्रिस्टल ऑसिलेटर) पुरतो. मला हॅम मंडळींचा ट्रान्सपाँडर (आलेला सिग्नल परत खाली पाठवणारा भाग) असलेला क्यूओ-100 उपग्रह नीट ऐकायचा होता. पुण्यातून हा उपग्रह पश्चिमेला, थोडा दक्षिणेकडे, क्षितिजापासून साधारण 32 अंशांवर आहे. टीव्हीच्या डिशवर त्याचा नॅरोबँड ट्रान्सपाँडर 10489.5 मेगाहर्ट्झपासून वर छान ऐकू येतो. दुखणं एलएनबीचं, म्हणजे डिशच्या तोंडाशी बसून फ्रिक्वेन्सी खाली आणणाऱ्या डबीचं. तिच्यातलं 25 मेगाहर्ट्झचं स्वस्त क्रिस्टल 390 पट होऊन 9750 मेगाहर्ट्झ बनतं. क्रिस्टल दहा लाखांत एका भागानं सरकलं, की स्टेशन पावणेदहा किलोहर्ट्झ पलीकडे. ढगाची सावली डिशवरून गेली तरी बोलणारा माणूस डायलवर पळायला लागायचा.

रुबिडियम (अणूंच्या आधारे चालणारा फ्रिक्वेन्सीचा संदर्भ) घ्यावा असं बरेच जण सुचवतात. मला तो पटला नाही. जुन्या रुबिडियममधला दिवा किती शिल्लक आहे ते बाहेरून कळत नाही, डबा तापतो, आणि तो खरा आहे की नाही हे पडताळायला शेवटी जीपीएसच लागतो. टीसीएक्सओवाले छोटे नवे जीपीएसडीओ दिवसभराच्या सरासरीत अचूक असतात. पण 10 मेगाहर्ट्झवरून 9750 वर जाताना फेज नॉइज (सिग्नलची बारीक थरथर) जवळजवळ 60 डेसिबलनं वाढतो, तिथे क्षणाक्षणाची स्वच्छता हवी. म्हणून माझं मत असं, की पैसे आतल्या ओव्हनच्या (कायम एकाच तापमानाला गरम ठेवलेल्या) क्रिस्टलसाठी मोजायचे. जीपीएस रिसीव्हर कुठल्या पिढीचा आहे याला फार महत्त्व नाही.

असे ओव्हन भंगारात मिळतात याचं श्रेय मोबाइलवाल्यांना. सीडीएमए या जुन्या मोबाइल पद्धतीच्या टॉवरांची घड्याळं काही मायक्रोसेकंदांच्या आत जुळलेली लागत, त्यामुळे बेस स्टेशनमध्ये जीपीएसवर बांधलेला ऑसिलेटर असायचाच. (आपल्याकडचे रिलायन्सचे सीडीएमए फोन आठवत असतील.) ती जाळी जगभर बंद पडली आणि ट्रिंबल, एचपी, सिमेट्रिकॉम अशा नावांचे डबे सुटे विकायला आले. एचपीच्या झेड3801एमधला ओव्हन फार नावाजलेला, पण डबा मोठा आणि पुरवठ्याचं व्होल्टेज टेलिकॉमचं. थंडरबोल्टला +12, -12 आणि +5 व्होल्ट लागतात. पुण्यातल्या तपकीर गल्लीत सामान घेऊन ट्रान्सफॉर्मरवाला साधा पुरवठा घरीच बांधला.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हे वाचावं: गच्ची मिळाली नाही म्हणून थांबू नका. थंडरबोल्ट सुरुवातीला स्वतःची जागा 2000 मोजण्या घेऊन ठरवतो. मोकळ्या आकाशाखाली हे काम तासाभराच्या आत होतं. माझ्या गॅलरीतून अर्धंच आकाश दिसतं, त्यामुळे वेळ लागला. पण जागा एकदा पक्की झाली की वेळेसाठी एक उपग्रहही पुरतो. अँटेनाला केबल टीव्हीची 75 ओहमची आरजी-6 लावली आहे, तिचा काही त्रास नाही. जोडावर रबराची टेप मात्र भरपूर गुंडाळा. जुलैच्या मुसळधार सरींत डिशवरचा सिग्नल बसायचा, जीपीएसला काही फरक पडला नाही.

खरा शत्रू निघाला छताचा पंखा. लेडी हेदर या सॉफ्टवेअरमध्ये तापमान आणि ओव्हनला जाणारं डीएसी व्होल्टेज (क्रिस्टलची फ्रिक्वेन्सी जुळवणारं) यांचे आलेख शेजारी-शेजारी दिसतात. एप्रिलच्या दुपारी पंखा चालू-बंद केला की दोन्ही रेघा जोडीनं हलायच्या. डबा थर्माकोलच्या पेटीत, वर थोडी फट ठेवून बसवला आणि रेघ शांत झाली. त्यानंतर टाइम कॉन्स्टंट (जीपीएसकडे बघून दुरुस्ती किती सावकाश करायची ते) 100 सेकंदांवरून 500 वर नेला. ओव्हन चांगला असेल तर त्याला जरा मोकळं सोडणंच बरं, नाहीतर जीपीएसची थरथर उगाच आउटपुटमध्ये उतरते.

गुरुवार हा पुण्यात वीज जाण्याचा दिवस. वीज आल्यावर काही मिनिटांत लॉक (जीपीएसशी जुळल्याची खूण) दिसतो, तरी ओव्हन खरा स्थिरावायला कित्येक तास जातात. आता तो कायम इन्व्हर्टरवर असतो.

पडद्यावरची तारीख 1024 आठवडे मागची दिसते. जुलै 2017 अखेरीस या रिसीव्हरचा आठवड्यांचा हिशेब उलटला. फ्रिक्वेन्सीवर परिणाम शून्य, आणि लेडी हेदर तारीख दुरुस्तही करून दाखवतं. संगणकाचं घड्याळ थेट यावर लावणाऱ्यांनी तेवढं सांभाळावं.

थंडरबोल्टच्या 10 मेगाहर्ट्झवरून तयार केलेल्या 25 मेगाहर्ट्झवर एलएनबी बांधल्यावरही थोडी सरक उरली होती. ती एलएनबीचा सिग्नल संगणकात घेणाऱ्या आरटीएल-एसडीआर डोंगलची: तिथे 740 मेगाहर्ट्झच्या आसपास दहा लाखांत एक म्हणजे साडेसातशे हर्ट्झ. मग 10 मेगाहर्ट्झ हॅकआरएफ या दुसऱ्या एसडीआरलाही दिले. थंडरबोल्टमधून साइन वेव्ह येते आणि हॅकआरएफला 3.3 व्होल्टची चौकोनी लागते, म्हणून मध्ये 74एसी04 ही लॉजिक चिप ठेवली. आता उपग्रहाचा बीकन (सतत चालू असणारा खुणेचा सिग्नल) सकाळी जिथे असतो तिथेच रात्रीही सापडतो.

घेणार असाल तर विक्रेत्याकडे चकचकीत फोटोंऐवजी लॉक झालेल्या अवस्थेतल्या डीएसी व्होल्टेजचा स्क्रीनशॉट मागा. पट्टा -5 ते +5 व्होल्ट असतो. आकडा टोकाला टेकला असेल तर क्रिस्टल म्हातारं होऊन आवाक्याबाहेर चाललंय. तो डबा स्वस्तातही घेऊ नका.