सहीच्या मर्यादित आवृत्त्या बेळगावच्या हवेत: एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढल्यानंतर

अभिजात फॅन्टसी कादंबऱ्यांच्या सहीच्या, क्रमांक घातलेल्या आवृत्त्या बेळगाव भागात ठेवायच्या असतील तर सही नंतर बघा. आधी बांधणी कशाची आहे आणि प्रत कुठल्या पेटीत येते ते बघा. मिरगापासून दसऱ्यापर्यंतची ओल आणि पुढे शिमग्यापासून वळीव पडेपर्यंतची कोरड, असं दोन्ही झेललेल्या प्रतींवरून हे लिहितोय. पूर्ण कापडी बांधणीची प्रत सगळ्यात चांगली राहिली. कणा चामड्याचा आणि पुठ्ठे कापडाचे, ही जोडबांधणी ठीक. पूर्ण चामड्याची, सोनेरी कडांची, घट्ट स्लिपकेसमधली (स्लिपकेस म्हणजे एका बाजूने उघडी, पुस्तक आत सरकवायची पुठ्ठ्याची पेटी) प्रत सगळ्यात देखणी आणि सांभाळायला सगळ्यात अवघड. किंमत नेमकी उलट्या क्रमाने असते, म्हणून हे आधीच सांगितलं.

आपल्या पट्ट्याची हवा एकसारखी नाही. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळ्यात घरातली आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८० टक्क्यांच्या वर असते. जांभ्या दगडाचं घर असेल तर भिंतच ओल धरून बसते. बेळगाव शहर साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. तिथे तेवढं वाईट नसलं तरी जुलै-ऑगस्टमध्ये उघड्या शेल्फवरच्या पुस्तकाला कुबट वास येतोच. चिकोडी, रायबाग, अथणीकडे प्रश्न उलटा. तिथे एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत चामडं आखडतं आणि पुठ्ठा बाहेरच्या अंगाला वाकतो. पुस्तकाला ४० ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. ६५-७० टक्क्यांच्या वर बुरशी धरते आणि एकदा का चामड्यावर पांढरे ठिपके आले की ते पुसले तरी खाली डाग राहतो. एकाच जिल्ह्यात दोन वेगळे उपाय लागतात ते यामुळे.

प्राण्याच्या कातड्याची बांधणी हवेबरोबर हलते, ही गोष्ट जुन्या प्रकाशकांना चांगली ठाऊक होती. आर्थर रॅकहॅम यांच्या चित्रांची ‘पीटर पॅन इन केन्सिंग्टन गार्डन्स’ ही १९०६ ची खास आवृत्ती ५०० प्रतींची, प्रत्येकीवर रॅकहॅम यांची सही. बांधणी व्हेलमची, म्हणजे वासराच्या ताणून वाळवलेल्या कातड्याची, आणि पुठ्ठ्यांना रेशमी बंद. ते बंद नुसते शोभेचे नव्हेत, पुठ्ठे वळू नयेत म्हणून बांधून ठेवायचे असतात. इंग्लंडच्या हवेत ही काळजी घ्यावी लागत होती, तर कणकुंबीत व्हेलम आणायचा विचारच सोडून द्यावा.

स्लिपकेसबद्दल थोडं सविस्तर. जाहिरातीत स्लिपकेस म्हणजे संरक्षण. आपल्याकडे पावसाळ्यात तीच नुकसान करते. पुठ्ठ्याची पेटी ओल घेऊन आत फुगते, पुस्तकही किंचित फुगतं आणि प्रत आत घट्ट बसते. अशा वेळी कण्याच्या वरच्या टोकाला बोट अडकवून ओढलं की तिथलं कापड किंवा चामडं फाटतं. सेकंडहँड बाजारात बहुतेक प्रतींचा हाच दोष दिसतो. पेटी तोंडाकडून खाली तिरकी धरा, दुसरा हात तोंडाखाली ठेवा आणि हलके हलवा. प्रत आपल्या वजनाने तळहातावर यायला हवी. येत नसेल तर ओढू नका. पेटीसकट दोन दिवस कोरड्या पेटाऱ्यात ठेवा, मग येते. रंगवलेल्या किंवा छापील कडांच्या प्रतींना आणखी एक त्रास: पेटीच्या आतला खरखरीत कागद आत-बाहेर करताना कडेचा रंग घासून नेतो. आतून कापडाचं अस्तर असेल तरच अशी आवृत्ती घ्या. पुस्तकासारखी उघडणारी पेटी, जिला ट्रेकेस म्हणतात, तिच्यात यातला एकही प्रश्न येत नाही. ती जागा जास्त खाते, पण दोन्हींत निवड करायची वेळ आली तर डोळे झाकून ट्रेकेस.

वरच्या जॅकेटला, म्हणजे पुस्तकावरच्या सुट्या कागदी वेष्टनाला, पारदर्शक कव्हर घालताना पॉलिएस्टरची ५० मायक्रॉनची फिल्म घ्या. शाळेच्या वह्यांना घालतात तसलं पीव्हीसीचं कव्हर अजिबात नको. त्यातला मऊपणा आणणारा तेलकट पदार्थ हळूहळू बाहेर येतो आणि छपाई कव्हरला चिकटते. पॉलिएस्टर कापताना कड खरखरीत राहू देऊ नका, ती चामड्यावर रेघ मारते. स्लिपकेस मुळातच घट्ट असेल तर फिल्म घालू नका. दोन्ही बाजूंची मिळून जाडी नगण्य वाटते, पण दुमडलेल्या कडा धरून तेवढ्यानेच प्रत अडकते.

आता हवा सांभाळण्याची व्यवस्था. कॅमेऱ्यासाठी मिळतं ते विजेवरचं ड्राय कॅबिनेट बेळगाव-खानापूरसाठी फार उपयोगी ठरलं. ८० लिटरच्या कॅबिनेटमध्ये स्लिपकेससकट साधारण १२ ते १४ मध्यम आकाराच्या प्रती हवा खेळेल अशा बसतात. कोंबून २० बसतील, पण मग मागच्या प्रती ओल्याच राहतात. सेटिंग ४५ ते ५० ठेवा. कॅमेरावाले ३५-४० वर ठेवतात, तेवढ्यावर चामडं आणि सरस दोन्ही कोरडे पडतात. लाईट गेली तर घाबरायचं कारण नाही. दार बंद राहिलं तर एका दिवसात आत फारसा फरक पडत नाही, कारण आतला कागदच हवेला स्थिर धरतो. हे यंत्र आर्द्रता फक्त कमी करतं, वाढवत नाही. त्यामुळे अथणीच्या उन्हाळ्यात त्याचा काही उपयोग नाही. तिथे ओल घेणाऱ्या आणि सोडणाऱ्या, अशा दोन्ही कामांच्या ४९ टक्क्यांच्या तयार पुड्या बंद डब्यात ठेवा. पुडी आतून कडक लागायला लागली की संपली, बदला.

कॅबिनेटला पैसे घालायचे नसतील तर रबरी कडेचा, चारही बाजूंनी कडी लागणारा ४० लिटरचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेल एवढ्यावर भागतं. प्रमाण मात्र नीट समजून घ्या, कारण इथेच बहुतेकांचा हिरमोड होतो. कागद स्वतः पाणी धरून असतो. १० किलो पुस्तकं ७० टक्के आर्द्रतेच्या खोलीतून डब्यात आली आणि त्यांना ५० टक्क्यांवर आणायचं असेल, तर त्यांतून साधारण २०० ग्रॅम पाणी बाहेर यावं लागतं. ५० टक्क्यांच्या आसपास सिलिका जेल आपल्या वजनाच्या पाव हिश्श्याएवढं पाणी धरतं. म्हणजे ४०० ग्रॅम जेलने १०० ग्रॅमच पाणी उचललं. एकदा जेल टाकून मोकळं होता येत नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत किमान एकदा ते सुकवून परत घालायला हवं, नंतर महिना-दीड महिना बघायला लागत नाही. बुटाच्या खोक्यात येतात तसल्या दोन-चार ग्रॅमच्या पुड्यांनी काहीही होत नाही.

जेल नारिंगी रंगाचं घ्या, ओल घेतल्यावर ते गडद हिरवं होतं. ओल घेतल्यावर निळ्याचं गुलाबी होणारं जेल टाळा. त्यात कोबाल्टचा क्षार असतो आणि आपण ते तापवायला स्वयंपाकघरातच नेणार. नारिंगी जेल पसरट ट्रेमध्ये एक थर पसरून ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास ठेवा. त्यापेक्षा जास्त तापलं तर रंग काळपटतो आणि पुढे ओल कळत नाही. गार होईपर्यंत झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा, नाहीतर गार होता होताच ते पावसाळी हवा पिऊन टाकतं. डब्यात पुस्तकाला जेलचा थेट स्पर्श नको. ते मांजरपाटाच्या पिशवीत भरा आणि पिशवी शिवण्याआधी कापड दोनदा धुऊन खळ काढून टाका. खळ म्हणजे पिष्ट, आणि पिष्टावर कसर येते.

आर्द्रता मोजायचं छोटं डिजिटल यंत्र स्वस्तात मिळतं, पण त्याचा आकडा पाच टक्के इकडेतिकडे असू शकतो. तपासायची सोपी रीत आहे. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, ओल्या वाळूइतकं भिजेल एवढंच पाणी घाला, यंत्रासोबत झिपच्या पिशवीत बंद करा आणि रात्रभर ठेवा. आकडा ७५ यायला हवा. ७० आला तर यंत्र पाच टक्के कमी दाखवतंय, तेवढे मिळवून वाचा.

कपाट कसलंही असो, नैऋत्येचा पाऊस झोडपतो त्या पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नका. चार बोटं अंतर सोडा. लोखंडी कपाट ओल्या भिंतीला चिकटलं की आतून घाम धरतं. नव्या प्लायवूडचं कपाट असेल तर वास पूर्ण जाईपर्यंत त्यात पुस्तकं ठेवू नयेत.

किडीबाबत निपाणी-संकेश्वर भागातल्यांनी विशेष सावध राहावं. तंबाखूच्या वखारीत सापडणारा दोन-तीन मिलिमीटरचा तपकिरी भुंगेरा वाळलेल्या मिरचीलाही लागतो आणि पुस्तकाच्या बांधणीतली खळ, सरस, चामडं हेही त्याला चालतं. कसर कागद वरून खरवडते, भुंगेरा मात्र कण्यातून गोल भोक पाडून आरपार जातो आणि खाली पिठासारखी भुकटी पडते. घरात तंबाखू किंवा मिरचीची पोती असतील तर पुस्तकं वेगळ्या खोलीत, बंद डब्यात ठेवा. कापडी बांधणीच्या प्रतीला लागण झालीच तर ती जाड पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडू नका, नाहीतर थंड पुस्तकावर दव धरतं. चामड्याच्या आणि सोनेरी कडांच्या प्रतीवर हा प्रयोग घरी करू नये. डांबराच्या गोळ्या कुठल्याच पुस्तकाजवळ नकोत. त्यांची वाफ डब्यात कोंडते, वास कागदात मुरतो आणि पुन्हा निघत नाही. पोथ्यांच्या बासनात ठेवतात तशी वेखंडाची पुरचुंडी कपाटाच्या तळाशी चालेल, मात्र तिच्यावरच विसंबून राहू नका.

सहीकडे वळू. अभिजात फॅन्टसी म्हटलं की लेखक बहुधा हयात नसतात. टोलकीन १९७३ मध्ये गेले, अर्सुला ले ग्विन २०१८ मध्ये. त्यांच्या नंतरच्या नव्या मर्यादित आवृत्तीवर चित्रकाराची किंवा प्रस्तावना लिहिणाऱ्याची सही असते, आणि त्यात काही गैर नाही. चित्रकाराच्या सहीला या क्षेत्रात जुना मान आहे. लॉर्ड डनसेनी यांच्या ‘द किंग ऑफ एल्फलँड्स डॉटर’च्या १९२४ मधल्या २५० प्रतींच्या आवृत्तीवर लेखक आणि चित्रकार सिडनी साइम अशा दोघांच्या सह्या आहेत. फक्त विक्रेत्याने ‘सही केलेली’ एवढंच लिहिलं असेल तर कोणाची, हे विचारून घ्या.

दहापट भिंग घेऊन सहीचं पान तिरप्या उजेडात बघा. खऱ्या पेनाची शाई कागदाच्या तंतूंत थोडी पसरते, रेघ रेघेवरून जाते तिथे बहुधा गडद होते आणि बॉलपेन असेल तर मागे दाब जाणवतो. छापील सहीत बारीक ठिपके दिसतात किंवा सगळी रेघ एकसारखी सपाट असते. यंत्राने केलेल्या सहीत शाई खरी असते, पण दाब सुरुवातीपासून शेवटापर्यंत सारखा आणि दोन्ही टोकांना ठिपका. दुसऱ्या प्रतीचा फोटो शेजारी ठेवला की दोन सह्या तंतोतंत जुळतात. सहीचं पान आतल्या कडेला दोन-तीन मिलिमीटर चिकटवलेलं, वेगळ्या कागदाचं दिसलं तर शंका घेऊ नका. सुटे कागद सही करायला पाठवून नंतर बांधणीत घालायचे, ही नेहमीची पद्धत आहे. पानावरचा क्रमांक आणि पेटीवरचा क्रमांक जुळतो का ते मात्र जरूर बघा. फेल्टपेनची सही असेल तर समोरच्या पानावर उमटू नये म्हणून मध्ये आम्लरहित पातळ कागद ठेवा. पावसाळ्यात हे लागतंच.

मागवताना दोन गोष्टी. २०१९ च्या अर्थसंकल्पात आयात केलेल्या छापील पुस्तकांवर ५ टक्के सीमाशुल्क बसवलं गेलं. विक्रेत्याला पार्सलच्या कागदावर ‘छापील पुस्तक’ आणि ४९०१ हा पुस्तकांचा सीमाशुल्क कोड लिहायला सांगा. ‘संग्राह्य वस्तू’ असं काही लिहिलं तर पार्सल जास्त दराच्या सदरात जाऊन अडकू शकतं. पत्त्यात परदेशी संकेतस्थळांच्या यादीत बेळगाव जुन्या (Belgaum) किंवा नव्या (Belagavi) नावाने सापडतं, कुठलंही निवडा, पिनकोड बरोबर असला की झालं. दुसरं, नोंदणी आणि रवानगी यांत बऱ्याचदा महिने जातात. प्रत जून ते सप्टेंबरमध्ये निघणार असेल तर दिवाळीनंतर पाठवा असं कळवा. छोटे प्रकाशक बहुधा ऐकतात. दुहेरी खोकं मागा, आणि उघडताना न थांबता व्हिडिओ घ्या, त्यात चारही कोपरे आणि क्रमांकाचं पान येऊ द्या. कोपरा दबलेला असेल तर भरपाई मागताना तोच पुरावा चालतो.

मालिकेतल्या खंडांचा एकच क्रमांक पुढेही मिळावा असा हक्क काही प्रकाशक पहिल्या खंडाच्या ग्राहकाला देतात. तो घ्यायचा असेल तर पहिल्या खंडाच्या वेळीच कापडी की चामडी हे ठरवा, मध्येच बदललं तर संच फुटतो आणि विकताना सुट्या खंडांना तेवढा भाव येत नाही. बेळगाव, खानापूरवाल्यांनी कापडी घ्यावी. चिकोडी-अथणीकडे ४९ च्या पुड्या वेळच्या वेळी बदलायची तयारी असेल तर चामड्याचा कणा चालेल.