पावस: कशाची तरी वाट बघत असाल तर मुक्कामाला या, नुसतं दर्शन उरकू नका

रत्नागिरीजवळच्या पावसच्या स्वामी स्वरूपानंदांच्या समाधी मंदिराबद्दल आणि तिथे राहण्याबद्दल लिहितेय. पाचपैकी पाच स्टार. बहुतेक लोक गणपतीपुळे करून येता-जाता अर्धा तास थांबतात, खिचडी खातात, आंबापोळी नि कोकम घेतात आणि गाडीत बसतात. पण ज्यांच्या घरात काहीतरी अडकून पडलंय, लग्न असेल, नोकरी असेल, आजारपण असेल, कोर्टातली जमीन असेल, त्यांनी इथे राहायला यावं असं मला अगदी मनापासून वाटतं.

आमचं म्हणाल तर आम्ही दत्तक बाळासाठी नाव नोंदवलंय. नोंदणी सरकारी पोर्टलवर होते, मग घरी येऊन आमची सगळी चौकशी करून रिपोर्ट करतात, आणि मग सिनियॉरिटीप्रमाणे नंबर लागतो. अगदी तान्हं बाळ हवं असेल तर काही वर्षं जातात, नाव घालतानाच हे माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि रोज उठून वाट बघणं वेगळं हो. नंबर लागला की बाळाचा फोटो आणि मेडिकल रिपोर्ट येतो आणि ४८ तासांत कळवावं लागतं, त्यामुळे माझा फोन हातातून सुटतच नव्हता, देवासमोर दिवा लावताना पण शेजारी फोन, आणि मेसेज रिचार्जचा असला तरी छातीत धस्स व्हायचं. घरचा रिपोर्ट तीन वर्षं चालतो, म्हणजे तो पण परत करायला लागेल की काय हे डोक्यात असतंच.

मधे कुणीतरी सांगितलं म्हणून एका ठिकाणी (नाव नाही घेत) गेलो होतो, तिथे अमुक रुपयांची पूजा करा, वर्षाच्या आत घरात मूल खेळेल असं सांगितलं. पूजा झाली आणि मी कॅलेंडरच बघत बसले. देवाला मुदत घालून दिल्यासारखं झालं सगळं, आणि दिवस जातील तसा त्याच्यावरच राग यायला लागला.

पावसला मला सगळ्यात आधी काय आवडलं असेल तर हे, की इथे आम्हाला कुणी तसलं काही कबूल केलं नाही. कशासाठी आलात, काय अडचण आहे, कुणी विचारलं पण नाही. समाधीपुढे हात जोडायचे आणि शांत बसायचं, किती वेळ बसायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

मंदिर बघून झालं की अनंत निवास बघायला नक्की जा, देसायांचं घर, स्वामी तिथे राहायचे. स्वामींचा जन्म पावसचाच, १९०३ चा. तरुणपणी स्वातंत्र्याच्या चळवळीत होते, पुढे मोठं आजारपण आलं आणि मग १९७४ साली समाधी घेईपर्यंत जवळजवळ चाळीस वर्षं ते ह्या एकाच घरात राहिले. गाजावाजा नाही, फिरणं नाही, बसल्या जागी सोहं साधना, आणि ज्ञानेश्वरी साध्या अभंगांत उतरवली ती पण त्याच काळात. मी तिथे बराच वेळ उभी होते. एवढी वर्षं एका जागी राहून माणूस कंटाळला नाही, कडू झाला नाही, आणि आपण फोन वाजला नाही म्हणून दिवसभर घरच्यांवर चिडतो!

सोहं म्हणजे श्वासाबरोबर नाम, आत घेताना सो, सोडताना हं. मला काही मोठं ध्यान वगैरे जमत नाही पण बसले. फोन ह्यांच्याकडे दिला होता. पहिल्यांदा मन नुसतं त्या फोनकडेच धावत होतं, नंतर कधीतरी ते सुटलं. सासूबाई सोबत होत्या, बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "अगो, गाऱ्हाणं एकदा घातलंस ना, मग तेच तेच काय सांगत बसत्येस, त्याला ऐकायला येतं." एवढंच म्हणाल्या आणि चपला शोधायला लागल्या. ह्या एका वाक्याने मला जो आधार दिला तो त्या पूजेने दिला नव्हता. आता मी रोज मागत नाही. बाळ जिथे असेल तिथे त्याला सांभाळ एवढं म्हणते, आणि आमच्या घरी यायचं असेल तेव्हा येईल हे त्याच्यावर सोडते. काही दिवस जमतं, काही दिवस रडू येतं, पण राग गेला तो गेला.

वेळ असेल तर जवळच गणेशगुळे आहे, तिथे पण जाऊन या. गुळ्याचा गणपती पुळ्याला गेला असं आपल्याकडे म्हणतात, पण गावाने गुळ्यातल्या देवाला सोडलेलं नाही, देऊळ आहे, पूजा आहे. मला ते फार आवडलं.

आता कामाचं. रत्नागिरीहून भाट्ये पूल ओलांडून गोळपवरून रस्ता येतो, साधारण वीसेक किलोमीटर, एसटी आहे, रिक्षा पण मिळते. राहायचं असेल तर आधी फोन करून खोलीची चौकशी करा, उत्सवाच्या दिवसांत गर्दी असते, त्यामुळे शांत बसायचं असेल तर ते दिवस टाळा. दुपारच्या प्रसादाची खिचडी आणि लोणचं चुकवू नका, साधी मऊ खिचडी, पण उपाशीपोटी बसून आल्यावर तिची चव वेगळीच लागते. मे महिन्यात उकाडा भयंकर असतो, म्हातारी माणसं सोबत असतील तर पावसाळा संपल्यावर किंवा थंडीत आणा. आमचा नंबर अजून लागलेला नाही, दिवाळीनंतर आम्ही परत मुक्कामाला जातोय.