आमची १५ तारीख त्याला कुणी सांगितली?

रविवार, ६ ऑक्टोबर २०२४. घट बसून तीन दिवस झाले होते. दुपारी बेल वाजली. दारात एक तरुण जोडपं उभं होतं, तिच्या हातात मापाची टेप. "काकू, पाच मिनिटं आत येऊ का? फ्रिजची जागा मोजायची राहिली होती."

मी काही बोलायच्या आत ती सरळ स्वयंपाकघरात गेली. तिला वाट माहीत होती. ओट्याच्या टोकाशी माझी पिठाची पिंपं असतात, ती तिने हलकेच बाजूला सरकवली, टेप लावली आणि नवऱ्याला म्हणाली, "अठ्ठावीस इंच. बसतोय." मग माझ्याकडे वळून अगदी सहज विचारलं, "तुम्ही कधी सोडताय हो जागा?"

डोंबिवली पूर्वेचं हे घर आम्ही १९९८ मध्ये घेतलं. सव्वीस वर्षं मी त्या ओट्यावर स्वयंपाक केला. आणि त्या मुलीला सांगण्यात आलं होतं की आम्ही इथले भाडेकरू आहोत. मालक म्हणून तिला जो माणूस भेटला होता, त्याने आम्हाला फक्त ३ लाख रुपये दिलेले होते. आमच्याकडून तो घर ६६ लाखांना घेणार होता आणि त्यांना ७४ लाखांना देत होता.

त्या दोघांना मी बसवलं, पाणी दिलं. माझे हात थरथरत होते. ती मुलगी माझ्याहून जास्त घाबरली होती, कारण त्यांचेही ५१ हजार टोकन म्हणून गेले होते.

आता सुरुवातीपासून सांगते.

आमची इमारत जुनी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून जिना म्हणजे शिक्षा झाली होती. मुलगी पुण्यात असते. तिच्याजवळ, वडगाव बुद्रुकला, लिफ्ट असलेल्या इमारतीत एक रीसेल फ्लॅट मिळाला, ५८ लाखांना. हातचा जाईल या भीतीने जून २०२४ मध्ये आम्ही ५ लाख विसार देऊन टाकला. उरलेली रक्कम १५ नोव्हेंबरपर्यंत द्यायची, नाही दिली तर विसार बुडाला, असं लिहून दिलं. आमचं घर तोवर विकायलाही काढलं नव्हतं. इतकी वर्षं एकेक रुपया मोजून संसार केला, आणि इथे मोजायचंच राहिलं.

एजंट ओळखीतून आलेला. आला की आधी ह्यांच्या पाया पडायचा, मग चहा. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "काकू, पैसे कधी लागणार आहेत?" मी त्याला सगळं सांगितलं. पुण्याचा फ्लॅट, विसार, १५ नोव्हेंबर, अगदी तारखेसकट. घरच्या माणसाला सांगावं तसं सांगितलं. माझी सगळ्यात मोठी चूक ही, बाकीच्या तिच्यातून निघाल्या.

२३ जुलैला बजेट आलं. घर विकताना मिळणारं इंडेक्सेशन, म्हणजे महागाईप्रमाणे घराची खरेदी किंमत वाढवून धरायची करातली सवलत, काढलं, म्हणून सगळीकडे गोंधळ होता. दुसऱ्याच दिवशी एजंटचा फोन आला, "काकू, आता जितका उशीर कराल तितका टॅक्स वाढेल. मिळेल त्या पार्टीला देऊन मोकळे व्हा." आम्ही घाबरलो. खरं तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच सरकारने दुरुस्ती आणली होती. २३ जुलैच्या आधी घेतलेल्या घरासाठी इंडेक्सेशन न घेता साडेबारा टक्के किंवा इंडेक्सेशनसह वीस टक्के, यांत जो कर कमी बसेल तो भरायची मुभा मिळाली. त्यातून आम्ही दुसरं राहतं घरच घेत होतो. सीएने नंतर समजावलं की जुनं घर विकल्यापासून दोन वर्षांत नवं घेतलं, किंवा विकण्याच्या आधीच्या एका वर्षात घेतलेलं असलं, तर त्यात गुंतवलेल्या नफ्यावर तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम ५४ ची सूट मिळते. म्हणजे कराच्या बाजूने आम्हाला एक दिवसाचीही घाई नव्हती. सीएकडे आधी गेलो असतो तर १४ ऑगस्टला ती सही झालीच नसती.

ती सही एमओयूवर होती, म्हणजे त्या मालक म्हणवणाऱ्या खरेदीदाराशी केलेल्या घर विकण्याच्या प्राथमिक करारावर. पाचशेच्या स्टँप पेपरवर टाईप केलेला, नोटरी केलेला, इंग्रजीत. एजंट म्हणाला, "साठेखत ४५ दिवसांत रजिस्टर करू. लोनची फाईल तयारच आहे." नोंदणीकृत साठेखत, म्हणजे विक्रीचा रीतसर करार, केलं असतं तर खरेदीदाराला सात टक्क्यांच्या हिशेबाने ४ लाख ६२ हजार मुद्रांक शुल्क आधीच भरावं लागलं असतं. एवढा खर्च करून कुणी खेळ करत नाही. एमओयूत त्याचा खर्च काय, तर नोटरीची फी. बाकी १ लाख आधीच्या टोकनचे आणि २ लाख त्या दिवशीचे, दोन्ही चेकने. हे २ लाख रोख घ्या म्हणून एजंट मागे लागला होता. ह्यांनी साफ नाही म्हटलं. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेतली तेवढाच दंड होऊ शकतो. रोख घेतले असते तर आमची मान त्यांच्या हातात गेली असती.

त्या कागदात दोन कलमं होती, ती आम्ही वाचली आणि समजल्यासारखी मान हलवली. एक, खरेदी "खरेदीदार किंवा तो सांगेल त्या व्यक्तीच्या नावे" होईल. दुसरं, आम्ही माघार घेतली तर घेतलेल्या रकमेच्या दुप्पट परत करायची. खरेदीदाराने उशीर केला तर काय, याबद्दल एक ओळ नव्हती.

त्याच आठवड्यात एजंटने ६० हजार रोख नेले, "सोसायटीची एनओसी आणि ट्रान्सफर"साठी. शिवाय स्वतःच्या दलालीपैकी निम्मे, ३३ हजार. सोसायटीचे सेक्रेटरी आमच्या खालच्याच मजल्यावर राहतात. रोज जिन्यात भेटतात. त्यांना मी विचारलं नाही, कारण एजंट म्हणाला होता की व्यवहार पूर्ण होईपर्यंत कुणाला कळू देऊ नका, नजर लागते. नंतर विचारलं तेव्हा त्यांनी कपाटातून २००१ चं सरकारी परिपत्रक काढून दाखवलं. ट्रान्सफर प्रीमियम जास्तीत जास्त २५ हजार, ट्रान्सफर फी ५००, प्रवेश फी १००. तेही घर नावावर होताना, रीतसर पावतीवर. "वहिनी, आमच्याकडे तुमचा साधा अर्जसुद्धा आलेला नाही," ते म्हणाले. मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं.

गणपतीला आम्ही गावी जातो. ७ सप्टेंबरला गणपती बसणार होते, आम्ही दोन दिवस आधी निघालो. एजंटने एक किल्ली मागितली, बँकेचा व्हॅल्युएशनवाला येईल म्हणून. दिली. आम्ही कोकणात आरत्या म्हणत होतो तेव्हा आमच्या घरात तीन कुटुंबं फिरून गेली. समोरच्या वहिनींना वाटलं, आम्हीच सांगितलं असेल.

परत आलो तर ४५ दिवस संपत आले होते. "पितृपक्षात नको काकू, घटस्थापनेला करू." घट बसले. "दसऱ्याचा मुहूर्त सोडून कशाला?" दसरा शनिवारी होता, ऑफिसला सुट्टी. "मग सोमवारी." १५ ऑक्टोबरला विधानसभा निवडणूक जाहीर झाली. "बँकेचा स्टाफ निवडणुकीच्या कामाला लागलाय." एकेक कारण सुटं घेतलं तर खरंच वाटावं असं होतं. तोवर ते जोडपं येऊन गेलं होतं, आम्हाला सगळं कळलं होतं, आणि तरी आम्ही गप्प होतो. वकिलांनीच तसं सांगितलं होतं, आधी समोरचा काय मागतो ते बघू.

२१ ऑक्टोबरला संध्याकाळी एजंट आणि खरेदीदार दोघं घरी आले. खरेदीदाराने मिठाईचा बॉक्स टीपॉयवर ठेवला. म्हणाला, बँकेने लोन कमी मंजूर केलं, इमारत जुनी आहे, मार्केट बसलंय. ५८ लाखांत देणार असाल तर आठ दिवसांत रजिस्ट्रेशन. हे म्हणाले, विचार करून सांगतो. तेव्हा तो हसून म्हणाला, "करा ना काका विचार. पण तुमची १५ तारीख येतेय ना?"

मी एजंटकडे बघितलं. तो मिठाईच्या बॉक्सची रिबन सोडवत होता. ती तारीख मी फक्त त्याला सांगितली होती.

नाक दाबलं की तोंड उघडतं, म्हणतात. दोघांचा सगळा धंदा त्यावर उभा होता. वर गिऱ्हाईक मिळालं तर ७४ ला विकायचं, मधले ८ लाख खिशात. नाही मिळालं तर आमचा शेवटचा दिवस जवळ येईपर्यंत झुलवायचं आणि ५८ ला घ्यायचं. दोन्हीकडून फायदा, आणि त्यासाठी गुंतवले किती, तर ३ लाख.

वकील ठाण्याचे. त्यांनी कागद वाचून जे सांगितलं ते ऐकून मी रात्रभर झोपले नाही. नोंदणी नसलेल्या करारावरही माणूस करारपूर्तीचा दावा टाकू शकतो. २०१८ च्या दुरुस्तीनंतर अशा दाव्यात करार पाळायला लावणं कोर्टाला पूर्वीसारखं ऐच्छिक राहिलेलं नाही. आम्ही लढलो तर बहुधा जिंकू, ते म्हणाले, पण दाव्याची नोटीस नोंदवली गेली की ते घर घ्यायला कोण येणार? फसवणुकीची फौजदारी तक्रारही करता येते, पूर्वीचं ४२० म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. "पण ताई, त्यातलं काहीही १५ नोव्हेंबरच्या आत होणार नाही. हे तुमच्याइतकंच त्यांनाही माहीत आहे."

त्या जोडप्याने लेखी दिलं की त्यांना आम्ही भाडेकरू असल्याचं सांगितलं गेलं. टोकनच्या पावतीचा फोटोही दिला. त्या कागदामुळे समोरचे नरमले. आम्ही माघार घेतो म्हटल्यावर दुप्पट म्हणजे ६ लाख मागत होते, ते ४ लाख ५० हजारांवर मिटलं. रद्दलेख केला, मूळ एमओयू परत घेतला, त्यावर दोघांच्या सह्यांनी "रद्द" लिहून घेतलं. दीड लाख आम्ही फुकट दिले. पुण्याच्या मालकांना जाऊन खरं ते सगळं सांगितलं. त्यांनी १ लाख जास्त घेऊन ३१ जानेवारीपर्यंत मुदत दिली. दीड लाख, १ लाख, सोसायटीच्या नावाने गेलेले ६० हजार, दलालीचे ३३ हजार, वकिलांचे २५ आणि सामान हलवणाऱ्याकडे अडकलेले ८. पावणेचार लाख.

घर शेवटी त्या फ्रिजवाल्या मुलीलाच दिलं. ६७ लाखांना, मधे कुणीही नाही.

या वेळी मी वही घेऊन बसले. आमच्यावर ४ लाख ८० हजारांचं टॉपअप लोन शिल्लक होतं, म्हणून घराचे मूळ कागद बँकेत. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाला मुदतीआधी फेडण्याचा दंड नाही, पण पैसे भरल्यावर कागद परत द्यायला बँकेला ३० दिवसांपर्यंत मुदत आहे. एजंट म्हणाला होता, त्याच दिवशी मिळतात. आम्ही १० डिसेंबरला भरले, कागद ३ जानेवारीला हातात आले. त्याशिवाय त्या मुलीच्या बँकेने चेक सोडला नाही. वकिलांनी पेपरात जाहीर नोटीस दिली, त्याचे १५ दिवस. त्यांचं लोन मंजूर व्हायला ३५ दिवस. किंमत ५० लाखांच्या वर, म्हणून खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापला. ६७ हजार कमी आले. ते बुडत नाहीत, रिटर्नमध्ये हिशेबात येतात, पण पुण्याला चेक द्यायच्या दिवशी हातात नसतात. फॉर्म १६ बी, म्हणजे टीडीएस कापल्याचा दाखला, मात्र मागून घेतला. आणि पुण्याचं घर माझ्या एकटीच्या नावावर घेतलं म्हणून मुद्रांक शुल्क सातऐवजी सहा टक्के, तरी ३ लाख ४८ हजार, वर नोंदणीचे ३० हजार. "काकू, हातात ६६ पडणार," असं एजंट म्हणायचा तेव्हा यातला एकही आकडा माझ्या डोळ्यांपुढे नव्हता. गिऱ्हाईक शोधण्यापासून सगळ्याला तीन महिने पुरतील असं धरून चाललो होतो. प्रत्यक्षात गिऱ्हाईक तयार असताना, सगळं सुरळीत होऊनसुद्धा, नुसते कागद, नोटीस आणि लोन यांतच दोन महिन्यांच्या वर गेले.

२० जानेवारीला घर दिलं. एजंटकडची ती किल्ली काही परत आली नाही. द्यायच्या आदल्या दिवशी ह्यांनी सुताराला बोलावून लॅच बदलून घेतलं आणि तिन्ही नव्या किल्ल्या पाकिटात घालून त्या मुलीच्या हातात दिल्या.

हे सगळं आता लिहितेय कारण परवा सेक्रेटरींच्या बायकोचा फोन आला होता. शेजारच्या इमारतीतल्या एका ताईंनी घर विकायला काढलंय, मुलाच्या परदेशातल्या शिक्षणाची फी भरायची आहे. एजंट तोच. मी त्यांचा नंबर मागून घेतला आणि लगेच फोन लावला. ओळख सांगितली आणि एकच विचारलं, फीची शेवटची तारीख त्याला सांगितलीत का?

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "कालच सांगितली हो."