कोयोट, आमचा चिवडा आणि अकरा महिन्यांचा हिशोब

कोयोट म्हणजे अमेरिकेतला कोल्ह्यासारखा जंगली प्राणी. त्याच्यापासून कुत्रं वाचवायचं म्हणून गेल्या एप्रिलपासून आम्ही जे जे विकत घेतलं, त्यातलं निम्मं आज गॅरेजमध्ये धूळ खातंय. भिंतीवरचा रोलर कामाला आला, पण बसवल्यावर चार महिन्यांनी. कुत्र्याच्या काटेरी जॅकेटबद्दल माझं मत अजून अर्धंमुर्धंच आहे. लुकलुकणारे लाल दिवे, माणसाला ऐकू न येणारा आवाज काढणारं यंत्र आणि लांडग्याच्या मुताची पूड, या तिन्हींचे पैसे पाण्यात गेले. सगळ्यात भरवशाचा निघाला तो सुट्ट्या नाण्यांनी भरलेला कॉफीचा डबा.

आम्ही कॅलिफोर्नियात, आयर्विनला राहतो. वस्ती टेकडीला लागून आहे. घर घेताना एजंटने ‘मागे कुणाचं घर नाही, नुसता डोंगर’ असं मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं. डोंगरात कोण राहतं ते काही बोलला नाही. चिवडा म्हणजे आमचा शिह त्झू जातीचा छोटा कुत्रा, वजन साडेपाच किलो. एप्रिलमध्ये एकदा सकाळी सव्वासहाला मी त्याला मागच्या अंगणात सोडलं आणि चहा टाकायला वळले. रोज तो बाहेर पडल्या पडल्या एकदा तरी भुंकतो. त्या दिवशी आवाज नाही, म्हणून मागे पाहिलं, तर भिंतीवर चारही पाय एकत्र घेऊन एक करडा प्राणी उभा आणि खाली आमचे साहेब शेपूट हलवतायत. पाहुणे आले असं वाटलं असणार. मी जी किंचाळले ती शेजारच्या गल्लीत ऐकू गेली म्हणतात. कोयोटने माझ्याकडे पाहिलं, वळला आणि निघून गेला. पळाला नाही, चालत गेला. मला राग आला तो त्याचाच.

त्याच रात्री खरेदी सुरू झाली. घाबरलेल्या माणसाने ऑनलाइन खरेदी करू नये, हे नवऱ्याने तेव्हाच सांगितलं होतं.

लाल दिव्यांपासून सुरुवात करते, कारण ते पटकन संपतं. रात्री लुकलुकतात, कोयोटला दुसऱ्या जनावराचे डोळे वाटतात, असा दावा. तीन आठवडे अंगणाकडे कुणी फिरकलं नाही आणि आम्ही खूश. चौथ्या आठवड्यात कॅमेऱ्यात दिसलं की कोयोट त्यातल्या एका दिव्यापाशी थांबून शांतपणे मुततोय. लांडग्याच्या मुताच्या पुडीला बहुधा तेच उत्तर असावं. न ऐकू येणाऱ्या आवाजाच्या यंत्राने कोयोटचं काही बिघडलं नाही, चिवडा मात्र दोन दिवस सोफ्याखालून बाहेर येईना. हालचाल टिपून लागणारा मोठा दिवा ठेवलाय, पण तो कोयोटसाठी नाही, मला अंगण दिसावं म्हणून. सांता आनाचे वारे सुटले की झाडं हलतात आणि तो रात्रभर लागतो-विझतो. शेजाऱ्यांनी दोनदा येऊन सांगितलं, आता कोन खाली केलाय.

आता रोलर. भिंतीच्या किंवा कुंपणाच्या माथ्यावर आडवी बसवायची ही ॲल्युमिनियमची नळी, स्वतःभोवती फिरणारी. कोयोट सहा फुटी भिंत एका उडीत पार करत नाही. उडी मारून पुढचे पंजे माथ्यावर अडकवतो आणि मागच्या पायांनी रेटा देत अंग वर ओढतो. पंजा टेकला की नळी फिरते, पकड मिळत नाही, स्वारी खाली. वीज नको, बॅटरी नको. कल्पना इतकी साधी आहे की मला पहिल्या दिवसापासून आवडली.

पण आधी एचओए, म्हणजे इथली सोसायटीची कमिटी. भिंतीवर काहीही लावायचं तर त्यांची परवानगी लागते. अर्ज, नकाशा, रंगाचा नमुना, आणि आमच्या बाबतीत सहा आठवडे. साठेक फूट भिंतीला मजुरीसकट दोन हजार डॉलरच्या जरासे आत लागले. जून उजाडला तेव्हा रोलर लागला, आणि जुलैत एका रात्री कोयोट पुन्हा अंगणात. कॅमेऱ्याचं चित्रण चार वेळा मागेपुढे करून पाहिलं तेव्हा कळलं. आमची भिंत आतून सहा फूट आहे. बाहेरून, जिथे टेकडीचा उतार भिंतीला येऊन भिडतो त्या कोपऱ्यात, जेमतेम साडेतीन फूट. बसवणाऱ्याने उंची आतून मोजली होती, आम्हीही आतूनच पाहत होतो. कोयोट बाहेरून येतो ही गोष्ट दोन हजार डॉलर खर्च करताना कुणाच्या डोक्यात आली नाही! साडेतीन फुटांवर रोलर असला काय नि नसला काय, तो नळीला न शिवताच पलीकडे.

त्या कोपऱ्यात मग बाहेरच्या बाजूला झुकलेली जाळी लावून उंची वाढवली (पुन्हा अर्ज, पुन्हा रंगाचा नमुना). बाजूच्या फाटकाखाली वीतभर फट होती, तिथे फळी ठोकली आणि जमिनीत फूटभर आडवी जाळी पुरली, कारण ही मंडळी उकरतातही. एसीचं बाहेरचं युनिट भिंतीला खेटून होतं, म्हणजे पायरीच. आत आलेल्याला त्यावरून सुखाने बाहेर जाता येत होतं. ते हलवणं परवडेना, म्हणून वर उतरतं छप्पर केलं. आणि बोगनवेल! ती माझी लाडकी. तिच्या फांद्या नळीत गुंतून सहा फूट रोलर फिरायचाच बंद झाला होता, मला पत्ताही नव्हता. आता महिन्यातून एकदा स्टूल घेऊन प्रत्येक तुकडा हाताने फिरवून बघते. वाऱ्यासोबत येणाऱ्या धुळीने तो करकरतो, तेव्हा सिलिकॉनचा फवारा मारायचा.

ऑक्टोबरपासून आजपर्यंत आत कुणी आलेलं नाही. दोनदा प्रयत्न करताना कॅमेऱ्यात सापडला. दुसऱ्या वेळी पडल्यावर तो खाली बसून वर बघत राहिला, आपलं नेमकं काय चुकलं याचा विचार करत असल्यासारखा. रोलरला माझे पाचात चार. मात्र आकाशातून येणाऱ्या ससाण्या-घुबडांना तो अडवत नाही, त्यामुळे चिवडा आजही अंगणात एकटा जात नाही. मग दोन हजार कशाला घातले, असं नवऱ्याने विचारलंय. रात्री झोप लागते म्हणून, हे माझं उत्तर.

जॅकेटबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात, कारण दिसतं भारी. गोळीरोधक जाकिटात वापरतात तसल्या केव्हलारच्या कापडाचं, मानेला उंच कॉलर, कॉलरवर आणि पाठीवर प्लॅस्टिकचे अणकुचीदार काटे, वर साळिंदरासारखे रंगीत नायलॉनचे केस. कोयोट लहान कुत्र्याला मानेला धरून झटकतो, तो घास चुकावा हा हेतू. शंभरेक डॉलर. हल्ला झाला तर तुम्हाला धावून जायला दोन-चार सेकंद मिळतील, एवढीच माझी अपेक्षा होती. ती पुरी झाली का? माहीत नाही, कारण कसोटी लागली नाही आणि लागूही नये.

रोज घालण्यातलं मात्र सांगू शकते. शिह त्झूचे केस लांब, बगलेत पट्टा घासून गुंते होतात. ऑगस्टमध्ये सकाळी नऊनंतर घालणं म्हणजे छळ. आणि खरी अडचण आम्हाला सप्टेंबरात कळली. कोयोट समोर आला की पहिलं काम म्हणजे लहान कुत्र्याला उचलून छातीशी धरणं. काटे असलेलं कुत्रं उचलून बघा! माझ्या दंडावर तीन ओरखडे आले आणि प्रतिक्षिप्तपणे हात सुटला. सुदैवाने पट्टा दुसऱ्या हातात होता. आता पाठीवरचे काटे काढून ठेवलेत, कॉलरवरचे तेवढे आहेत, आणि त्याला छातीखालून उचलायची मी घरात सवय केली. पाचात अडीच.

नोव्हेंबरात सासूबाईंनी नारायणगावहून एक फोटो पाठवला. शिरूर तालुक्यात पिंपरखेडला बिबट्याच्या भीतीने माणसंच गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जात होती. खाली लिहिलं होतं, ‘चिवड्याचं जॅकेट इथं पाठव.’ हसावं की काय, कळेना.

सासूबाई मे ते ऑक्टोबर इथेच होत्या. कोयोटला त्या कोल्हाच म्हणायच्या. उसातल्या ‘वाघा’शेजारी आयुष्य काढलेल्या बाईला दहा-पंधरा किलोच्या कोल्ह्याचं काय भय? पण आमचं अंगण कोयोटला का आवडतं याचं उत्तर त्यांच्यामुळेच सापडलं, जरा उलट्या वाटेने. रोज सकाळी त्या भिंतीच्या कठड्यावर पोळीचे तुकडे ठेवायच्या, पितृपक्षात तर साग्रसंगीत वरण-भात आणि वडे. इथे कावळे आहेत आणि ते घास घेतातही. पण कॅमेऱ्यात पहाटे साडेचारला पितर म्हणून कोण येऊन जेवत होतं ते दाखवल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “अगं, आपणच बोलावतोय की त्याला.” दुसऱ्या दिवसापासून त्या घास हातात धरून उभ्या राहायच्या, कावळ्याने नाही घेतला तर परत आत.

त्यानंतर मी सगळं अंगणच त्या नजरेने पाहिलं. अंजिराची आणि पेरूची पडलेली फळं. पक्ष्यांच्या दाण्यावर येणारे उंदीर. चिवड्याचं बाहेर ठेवलेलं पाण्याचं भांडं. आदल्या रात्रीच बाहेर काढलेली कचऱ्याची पेटी. लॉस एंजेलिसच्या शहरी भागात नॅशनल पार्क सर्व्हिसच्या शास्त्रज्ञांनी कोयोटांची विष्ठा गोळा करून तपासली. त्यात शोभेच्या झाडांची फळं आणि माणसाचं उरलंसुरलं अन्न भरपूर होतं, आणि साधारण २० टक्के नमुन्यांत मांजरांचे अवशेष. शिकागोच्या कुक काउंटीत २०००पासून असा अभ्यास चालू आहे, तिथे मांजरांचं हेच प्रमाण एक-दीड टक्का निघालं होतं. त्यामुळे ‘कोयोट मांजरांना फारसे हात लावत नाहीत’ असं कुणी शिकागोचा दाखला देऊन सांगितलं तर आमच्याकडे ते लागू नाही. आमच्या रांगेतली दोन मांजरं गेल्या वर्षी गेली. तिसरी आता पूर्ण घरात असते. मांजर असेल तर यातलं काहीही विकत घेऊ नका, दार बंद ठेवा.

आता डबा. हवेच्या दाबाचा भोंगा मी आधी घेतला होता. पहिल्यांदा वाजवला तेव्हा कोयोट गेला खरा, पण चिवडा इतका दचकला की मागे सरकत त्याने मान पट्ट्यातून जवळपास सोडवून घेतली. त्यापेक्षा वाईट काय होणार? त्या दिवसापासून गळपट्टा बंद, छातीचा हार्नेस सुरू. आपोआप लांब होणारी दोरीही गेली, आता सहा फुटी साधी लीश. भोंग्याच्या जागी कॉफीचा रिकामा पत्र्याचा डबा, आत चाळीस पेनी. अमेरिकी सरकारने २०२५च्या नोव्हेंबरात पेनी, म्हणजे एक सेंटचं नाणं, पाडणंच थांबवलं, आमच्याकडे मात्र त्यांना काम मिळालंय. सासूबाईंची पद्धत याहून जुनी होती. स्टीलची थाळी आणि डाव. २०२०च्या मार्चमध्ये साऱ्या भारताने सराव केलाच होता.

वाजवण्याचीही एक पद्धत आहे. कोयोटकडे पाठ करायची नाही, पळायचं नाही. नजर त्याच्यावर ठेवून, हात वर करून, ओरडत दोन पावलं पुढे जायचं आणि तो दिसेनासा होईपर्यंत थांबायचं नाही. आमच्यातले बरेच जण तो जरा मागे सरला की फोटो काढायला लागतात, त्यातून तो शिकतो की माणसं गोंगाट करून गप्प बसतात. अपवाद एप्रिलपासून पुढच्या काही महिन्यांचा. तेव्हा पिल्लं असतात, आणि बिळाजवळून जाताना मोठे कोयोट काही अंतर राखून मागे मागे येतात. ते हाकलून लावणं असतं, शिकार नव्हे. तिथे आवाज न करता कुत्रं उचलून सावकाश मागे फिरायचं. त्या दिवसांत कोयोट भरदिवसाही दिसतो, पिल्लांची पोटं भरायची असतात म्हणून. दिवसा दिसला म्हणजे पिसाळलेलाच, हे खरं नाही.

एचओएच्या बैठकीत अर्थातच ‘पिंजरे लावा आणि लांब नेऊन सोडा’ हा ठराव आला. कॅलिफोर्नियात पकडलेला कोयोट दुसरीकडे सोडणं बेकायदेशीर आहे, म्हणजे पिंजरा लागला की त्याचा शेवट ठरला. आणि मोकळी झालेली जागा दुसरा येऊन घेतो. मी जुन्नरचं सांगितलं. २००१नंतर तिथले बिबटे पकडून लांबच्या जंगलांत सोडले आणि त्या भागांत माणसांवरचे हल्ले वाढले, हे वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अभ्यासून दाखवलंय. लोकांनी ऐकून घेतलं. मग एकाने २०२२चं हंटिंग्टन बीच काढलं, जिथे किनाऱ्यावर कोयोटने एका लहान मुलीला जखमी केलं होतं. ती भीती खोटी नाही. ठराव पुढच्या बैठकीवर गेला, तिथेच आहे.

नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली की पाचच्या आत सूर्य बुडतो, आणि ऑफिसनंतरचा फेरा नेमका कोयोटच्या वेळेत येतो. आम्ही तो दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत हलवलाय. यासाठी एक पैसा लागला नाही, बॉसला एक ईमेल लागला.

रविवारी पुन्हा बोगनवेल छाटायची आहे. लाल दिवे चार आहेत, एकावर मुताचा डाग आहे, पण चारही चालतात. आयर्विनच्या आसपास कुणाला हवे असतील तर घेऊन जा. मांडवात छान दिसतील.