वास्कोतली मराठी उपासना: जावे की नाही?

नोकरीनिमित्त वास्कोला आलेली मराठी ख्रिस्ती कुटुंबे आधी मराठीतली उपासना शोधतात. गोव्यात चर्चला तोटा नाही, पण बहुतेक ठिकाणी कॅथलिक मिस्सा, तीही कोंकणीत किंवा इंग्रजीत. प्रॉटेस्टंट मराठी मंडळ्या थोड्या आणि भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या. त्यांपैकी एकीचा हा आढावा. नाव मुद्दाम देत नाही, कारण खाली लिहिलेल्या उणिवा मंडळीतच बसून दूर करता येण्यासारख्या आहेत.

उपासनेतली शिस्त उत्तम आहे. मोकळ्या प्रार्थनेच्या वेळी कोणी अन्य भाषेत (म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने, ऐकणाऱ्यांना न कळणाऱ्या वाणीत) बोलू लागले, तर पाळक (पास्टर) लगेच अर्थ सांगणारा कोण आहे ते विचारतात. कोणी नसेल तर बोलणाऱ्याला हळूच थांबवतात. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातला (१ करिंथ १४:२७-२८) नियम हाच: दोघांनी, फार तर तिघांनी, पाळीपाळीने बोलावे. अर्थ सांगणारा नसेल तर मंडळीत गप्प राहून देवाशी बोलावे. मात्र त्याच्या पुढच्याच वचनाकडे दुर्लक्ष होते. देवाकडून मिळाला म्हणून संदेश देणारे दोघे-तिघे बोलले की इतरांनी तो पारखायचा असतो. इथे संदेश संपला की सगळे ‘आमेन’ म्हणतात आणि गाणे सुरू होते. अशाने एखाद्याच्या लग्नाचा किंवा नोकरीचा निर्णय कोणाच्या तरी एका वाक्यावर ठरतो. नोकरी, लग्न, पैसा यांविषयीचे संदेश भर सभेत देऊच नयेत. ते आधी जाणत्या माणसांपुढे ठेवून शास्त्राशी ताडून पाहावेत.

बहिणी डोक्यावर पदर घेऊन मोठ्याने प्रार्थना करतात, साक्षही देतात. हे योग्यच आहे. १ करिंथ ११:५ मध्ये स्त्रिया प्रार्थना करतात हे गृहीत धरले आहे, त्यामुळे १४:३४ चा आधार घेऊन त्यांची प्रार्थना बंद पाडणाऱ्या मंडळ्यांशी आम्ही सहमत नाही.

प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रवचनानंतर, अगदी शेवटी असते. रात्रपाळी करून येणाऱ्यांना उशीर होतो, त्यांच्यासाठी ही सोय. करिंथात काही जण आधीच खाऊन घेत आणि बाकीचे उपाशी राहत. त्यावर पौलाने एकमेकांसाठी थांबायला सांगितले (११:३३). इथे ते खरोखर पाळले जाते. भाकरीचे मात्र बिनसते. पोदेराकडचे (पाववाल्याकडचे) उंडे, म्हणजे गोव्याचे गोल पाव, आदल्या रात्री घेऊन, चौकोनी तुकडे करून स्टीलच्या ताटात झाकून ठेवतात. कडक कवचाचा उंडा रात्रभरात चिवट होतो, तुकड्यांचा चुरा पडतो आणि भाकर मोडलेली कोणालाच दिसत नाही. एकच मोठा पाव सांगून ठेवावा, रविवारी सकाळी आणावा, सर्वांसमोर मोडावा. १ करिंथ १०:१७ मध्येही भाकर एकच आहे.

अर्पण दोघे जण मोजतात, पण दोघेही पाळकांच्याच घरचे. इथे पाळकांच्या प्रामाणिकपणावर शंका नाही. पौलाने दानाची रक्कम नेताना मंडळ्यांनी निवडलेले सोबती बरोबर घेतले, ते कोणाला दोष ठेवायला जागा मिळू नये म्हणून (२ करिंथ ८:१९-२१). वेगवेगळ्या घरांतल्या दोघांनी मोजावे, हॉल सोडण्यापूर्वी वहीत आकडा लिहून दोघांनी सह्या कराव्यात, सोमवारी बँकेत भरणा करावा आणि महिन्याचा हिशेब मंडळीपुढे वाचावा. पाळकांनी थैलीला हातही लावू नये. उद्या कोणी आरोप केलाच, तर ही वहीच त्यांच्या कामी येईल.

खरी अडचण नेतृत्वाची आहे. सगळे निर्णय एकट्या पाळकांचे. पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांनी प्रत्येक मंडळीत वडील, म्हणजे कारभार पाहणारे जाणते पुढारी, नेमले (प्रेषितांची कृत्ये १४:२३), पौलाने आपला सहकारी तीत यालाही गावोगाव वडील नेमायला सांगितले होते (तीत १:५). आता इथे वडील निवडायचे ठरते आहे, आणि पुढे केले जाणारे नाव आहे नुकताच बाप्तिस्मा झालेल्या गायकाचे. १ तीमथ्य ३ मधली वडिलांच्या गुणांची यादी नीट वाचावी: व्यासपीठावरचे कसब म्हणावे असे त्या यादीत शिकवण्याचे एकच, बाकी सगळी वागणूक. नवशिका नको, हे तर सहाव्या वचनात स्पष्टच आहे. सेवकांची (मंडळीत मदतीची कामे करणाऱ्या डीकनांची) सुद्धा आधी पारख करायला सांगितली आहे, मग वडिलांच्या बाबतीत घाई कशाला? वर्षभर घरभेटी आणि आजाऱ्यांची सेवा करू द्यावी. मग नाव मंडळीत जाहीर करून हरकतींसाठी महिनाभर ठेवावे. बाहेरच्यांची साक्षही हवी (३:७), म्हणून घरमालकाला, कामावरच्या मुकादमाला, किराणावाल्याला विचारावे. भाडे वेळेवर जाते का, उधारी थकली आहे का, घरात आवाज चढतो का, हे त्यांना ठाऊक असते.

तक्रारीचीही वाट नाही. पाळकांविरुद्धचे गाऱ्हाणे पाळकांकडेच जाते, नाहीतर व्हॉट्सॲपवर फिरते. १ तीमथ्य ५:१९-२० प्रमाणे वडिलांवरचा आरोप दोघा-तिघा साक्षीदारांवाचून घ्यायचा नाही, आणि दोष सिद्ध झाला तर सर्वांदेखत कानउघाडणी करायची. त्यासाठी ऐकून घेणारे वडील तरी हवेत.

उपासनेला जरूर जावे, मुलांनाही न्यावे. सदस्यत्वाचा अर्ज मात्र वडील रीतसर पारखून नेमले जाईपर्यंत भरू नये.