ह्यूगोवर नऊ महिने: मराठी ब्लॉगसाठी हलकंफुलकं घर शोधताना

गेल्या जूनमध्ये, टाकळा उगवायच्या सुमारास, मी रानभाज्यांवरचा ब्लॉग नव्याने सुरू केला. आता मार्च संपत आलाय आणि ४१ लेख झालेत. ‘कशावर काढलास?’ असं बरेच जण विचारतात. ह्यूगोवर, म्हणजे साइटची पानं बनवून देणाऱ्या एका प्रोग्रामवर. एकदा सविस्तर लिहिते.

माझा जुना ब्लॉग एका फुकट सेवेवर होता. ती सेवा बंद पडली. सूचना आली ती मी कधीच उघडत नसलेल्या ईमेलवर. साठेक लेख गेले. त्यात आईने सांगितलेल्या पाककृती होत्या आणि आता आईला विचारायची सोय नाही. त्यामुळे या वेळी पहिली अट एकच होती: लिहिलेलं सगळं माझ्या संगणकावर, साध्या फाइलींमध्ये राहिलं पाहिजे. दुसरी अट मावशीमुळे आली. ती संगमेश्वरजवळच्या गावात राहते. घरात रेंज नाही, पडवीच्या टोकाला गेलं की एखादी काडी येते. तिच्या जुन्या फोनवर, त्या एका काडीवर पान उघडायला हवं.

वर्डप्रेस मी कामाच्या ठिकाणी वापरलंय. ताकदवान आहे, पण त्याच्यामागे सर्व्हरवर पीएचपी ही प्रोग्रामिंग भाषा आणि डेटाबेस सतत चालू लागतो, प्लगिनं म्हणजे वरून जोडलेल्या सोयी अद्ययावत ठेवाव्या लागतात. आठवड्याला एक लेख लिहिण्यासाठी मला एवढा संसार नको होता. बेअर ब्लॉग ही अगदी साधी ब्लॉगसेवा दोन आठवडे वापरली आणि मनापासून आवडली. जावास्क्रिप्ट नाही, पाळत नाही, पान क्षणात उघडतं. ज्यांना फक्त शब्द लिहायचे आहेत त्यांनी खुशाल तिथेच जावं. माझ्या लेखांत मात्र पानांचे, देठांचे फोटो भरपूर असतात आणि मूळ प्रत माझ्याकडेच हवी होती. म्हणून ह्यूगो.

ह्यूगो २०१३ साली स्टीव्ह फ्रान्सिया यांनी सुरू केलं, गो भाषेत लिहिलेलं आहे. एकच फाइल उतरवून घ्यायची, बाकी काही बसवावं लागत नाही. मी मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या मजकुरात लेख लिहिते आणि ह्यूगो त्याची तयार पानं बनवून देतं. वाचक आल्यावर सर्व्हरला काही शिजवावं लागत नाही, ताट आधीच वाढलेलं असतं. ४१ लेखांची अख्खी साइट बांधायला सेकंदभरही लागत नाही. ती पानं मी गिटहब पेजेसवर, म्हणजे गिटहबच्या साइट ठेवायच्या सेवेवर ठेवते. तिथे एक जीबीपर्यंतची साइट फुकट राहते, माझी त्याच्या जवळपासही नाही. खर्च फक्त स्वतःच्या डोमेनचा, म्हणजे साइटच्या नावाचा.

आता मराठीत लिहिणाऱ्यांसाठी महत्त्वाचं. नवी साइट तयार केली की सेटिंगच्या फाइलमध्ये भाषा अमेरिकन इंग्रजी असते. ती पहिल्याच दिवशी बदलून मराठी करा. हा नुसता सोपस्कार नाही. फॉन्टमध्ये सोय असेल तर पानाची भाषा मराठी आहे हे कळल्यावर ब्राउझर आपला पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ दाखवतो, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. मी आधी वेगळा देवनागरी फॉन्ट जोडला होता. दिसायला सुरेख होता, पण फॉन्टचं वजन लेखापेक्षा कितीतरी जास्त व्हायला लागलं. हजारेक शब्दांचा मराठी लेख पंधरा-वीस केबीत बसतो, मग मावशीला शंभर केबीची अक्षरं कशाला उतरवायला लावायची? फॉन्ट काढला. फोनमधलाच वापरते, ‘कोवळ्या’ आणि ‘दऱ्या’ दोन्ही नीट दिसतात.

लेखाच्या पत्त्याचंही तसंच. ‘कुर्डूची-भाजी’ असं देवनागरीत ठेवलं आणि दुवा व्हॉट्सॲपवर पाठवायला गेले, तर टक्क्यांच्या चिन्हांची भली मोठी रांग आली. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइटचं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइटची तीन अक्षरं होतात. म्हणजे काना, मात्रा, हलन्त धरून प्रत्येकी नऊ. एवढ्याशा नावाची १०९ अक्षरं झाली! लोकांना ते फसवणुकीच्या लिंकसारखं वाटतं. तेव्हापासून पत्ता रोमन लिपीत, छोटासा, हाताने देते.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो तारखेपायी. एकदा सकाळी साडेआठला लेख चढवला, तारीख-वेळ हाताने टाकली. लेख दिसेचना. चूक झाल्याचा संदेशही नाही. तासभर थीम, म्हणजे साइटचा साचा, उलटसुलट केली, तेव्हा उलगडा झाला. वेळेपुढे टाइमझोन लिहिला नाही तर ह्यूगो ती वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतं, म्हणजे आपले दुपारचे दोन. लेख भविष्यातला ठरतो आणि भविष्यातले लेख ह्यूगो बांधतच नाही. दोन वाजले तरी तो आपोआप दिसत नाही, साइट पुन्हा बांधावी लागते. सेटिंगमध्ये टाइमझोन आशिया-कोलकाता केला आणि प्रश्न मिटला. हे पहिल्या दिवशीच करून टाका.

फोटोंचं काम मात्र लाजवाब. फोनमधला चार एमबीचा फोटो मी तसाच लेखाच्या फोल्डरमध्ये टाकते, साइट बांधताना ह्यूगो, थीममध्ये सांगून ठेवल्याप्रमाणे, त्याची वेबपी या हलक्या प्रकारातली आठशे पिक्सेलची प्रत बनवतं. शंभर केबीच्या आत येते आणि कुर्डूच्या पानाच्या शिरासुद्धा मोजता येतात.

उणिवा आहेत. फोनवरून लिहिणं जवळजवळ अशक्य, निदान मला तरी जमलं नाही. तुमच्याकडे फक्त फोन असेल तर ब्लॉगर बरा, हे मी अगदी मनापासून सांगते. प्रतिक्रियांची सोय आत नाही. बाहेरून जोडता येते, पण बऱ्याचदा वाचकाला कुठेतरी खातं काढावं लागतं, ते माझ्या वाचकांना जमणारं नाही. मी लेखाखाली ईमेल देते. आणखी एक: गिटहबच्या फुकट योजनेत साइटची मूळ फोल्डर सगळ्यांना उघडी असते. कच्चा लेख साइटवर दिसत नसला तरी तिथे जाऊन कोणीही वाचू शकतो. म्हणून अर्धवट लेख मी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवते.

ऑगस्टमध्ये फोडशीचा लेख टाकला, त्या संध्याकाळी मावशीचा फोन आला. पडवीच्या टोकाला उभी राहून तिने तो पूर्ण वाचला होता. ‘अगो, मुळं काढायची लिवलंस, पण मधला कडक दांडा काढायचा ऱ्हायलाच की!’ फोन चालू असतानाच मी फाइल उघडली, एक ओळ वाढवली, चढवली. दोनेक मिनिटांनी तिला पान पुन्हा उघडायला सांगितलं. नवी ओळ तिने मोठ्याने वाचून दाखवली आणि मग भारंगीच्या फुलांबद्दल सांगायला लागली. तो पुढचा लेख झाला.

फोटो सोडले तर ४१ लेखांचं वजन साडेसहाशे केबीही नाही. सगळं एका पेनड्राइव्हवर उतरवून गणपतीला गावी गेले तेव्हापासून मावशीच्या कपाटात ठेवते आणि दर खेपेला नवे लेख त्यात भरते. नोटपॅडमध्येही उघडतात, मी उघडून पाहिलेत.