पुणे की कोल्हापूर? दोन्हीकडं नोकरी मिळत असेल तर

भोसरी सोडून मी शिरोली एमआयडीसीत आलो तेव्हापासनं ओळखीतले बरेच जण हेच विचारतात, की पुण्यात चाललंय बरं पण कोल्हापुरातनं ऑफर आलीय, यावं का? मी सांगतोय ते आमच्या लाईनपुरतं, म्हणजे कास्टिंग, मशीन शॉप वगैरे. आयटीवाल्यांनी आपलं पुणंच धरावं, कायमचं वर्क फ्रॉम होम असेल तर गोष्ट वेगळी.

पगारात पुणं पुढं, त्यात वादच नाही. शिवाय एक नोकरी नाही जमली तर चाकण, रांजणगाव केवढा पट्टा पडलाय. इथं उद्यमनगर, गोकुळ शिरगाव, कागल धरून काम भरपूर आहे पण मालक लोक एकमेकांच्या ओळखीचे, एकीकडनं भांडून निघालात तर तुमच्या आधी बातमी दुसऱ्या गेटवर पोचते. आणि आमच्याकडं सुट्टी सोमवारी, बायकोची रविवारी, त्यामुळं एकत्र पिक्चर बघायचा तर रजा टाकावी लागते. हे आधी विचारून घ्या.

मग मी का आलो? टँकर. हसू नका. मोशीत फ्लॅट चांगला होता, हवेशीर, पण फेब्रुवारी संपला की सोसायटीच्या ग्रुपवर दुसरा विषयच नाही. बी विंगला पाणी नाही, कालचा टँकर अर्धाच होता, मेंटेनन्स परत वाढला. टँकर यायचा रात्री उशिरा आणि पावतीवर सही करायला कमिटीतल्या कुणीतरी खाली उतरायचं, त्यात मी कमिटीवर! बाथरूममध्ये निळा ड्रम कायम भरलेला, पाहुणे येणार म्हटलं की आधी ड्रम बघायचा. ट्रॅफिकची माणसाला सवय होते हो, याची मला तरी झाली नाही. तुमच्या एरियात पाणी चांगलं असेल तर माझा निम्मा मुद्दा गळाला म्हणा.

कोल्हापुरात पाणी जात नाही असं नाही. काळम्मावाडी धरणातनं येणारी थेट पाईपलाईन २०२३ मध्ये सुरू झाली तरी अधनंमधनं दुरुस्ती निघते, मग इथंही बोंब होतेच. पण ड्रम मी अजून घेतलेला नाही.

बाकी संध्याकाळी अंगात जीव शिल्लक असतो. मनात आलं तर जेवण झाल्यावर गंगावेशीत दूध कट्ट्यावर जायचं, समोर म्हशीची धार काढतात आणि फेसासकट कोमट ग्लास हातात, मिशीला लागतो तो लागतोच. मोठं हॉस्पिटल, मुलांचं पुढचं शिक्षण यात पुणं भारी हे मान्य, पण आठवड्यातनं तीन दिवस वंदे भारत आहे, आणि ऑगस्ट २०२५ पासनं हायकोर्टाचं सर्किट बेंच इथं आल्यामुळं वकील मित्रांची मुंबईची वारी पण वाचली.

तरी येणारच असाल तर घर लगेच विकत घेऊ नका. आधी भाड्यानं रहा, एक पावसाळा जाऊ दे. २०१९ ला पुराचं पाणी कुठपर्यंत आलं होतं ते एजंटाला विचारू नका, गल्लीतल्या किराणावाल्याला विचारा, तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो. व्हीनस कॉर्नरसारख्या भर बाजारात पाणी होतं आणि शिरोलीजवळ हायवे बंद, म्हणजे घर कोरडं असलं तरी कामाला जाता येईलच असं नाही. मी उंचावर बघून घेतलं, भाडं थोडं जास्त पडतं.